पेडल निवडताना: नवशिक्यासाठी आणि सरावलेल्या सायकलस्वारासाठी

सायकल घेताना गिअर, ब्रेक आणि टायर यांची चौकशी बहुतेक जण करतात. पेडल मात्र दुकानदार जे बसवून देईल ते चालवून घेतले जाते. महागड्या रोड बाइकसोबत तर पुष्कळदा पेडल येतच नाही आणि ते वेगळे घ्यावे लागते. अशा वेळी 'मी नवशिका आहे, मला कोणते पेडल झेपेल?' असा प्रश्न विचारला जातो. माझ्या मते हा प्रश्न नंतरचा आहे. आपल्या नेहमीच्या वाटेवर पाय किती वेळा जमिनीवर टेकवावा लागतो आणि सायकलवरून उतरल्यावर किती चालावे लागते, हे आधी पाहावे. या दोन गोष्टी स्पष्ट झाल्या की पेडल जवळजवळ ठरतेच.

पुण्यात किंवा ठाण्यात रोज कार्यालयाला सायकलने जाणाऱ्याला दर सिग्नलला थांबावे लागते, मध्येच रिक्षा आडवी येते, खड्डा चुकवताना अचानक पाय टेकावा लागतो. त्याच्यासाठी दोन्ही बाजूंनी सपाट असलेले रुंद पेडल, म्हणजे फ्लॅट पेडल, हेच योग्य, मग तो दहा वर्षे सायकल चालवत असला तरीही. फ्लॅट पेडल घेताना त्याची पकड नीट पाहावी. गुळगुळीत प्लॅस्टिकच्या पेडलवरून पावसाळ्यात चामड्याचा बूट हमखास घसरतो. ज्याच्या पृष्ठभागावर छोट्या धातूच्या पिना बसवलेल्या असतात ते पेडल ओल्या बुटालाही धरून ठेवते. मात्र त्याच पिना पाय सुटला तर नडगी सोलून काढतात. म्हणून अगदी नवख्या व्यक्तीसाठी नायलॉनचे, साच्यातच उंचवटे असलेले पेडल बरे. ते स्वस्त आणि हलके असते व त्याने इजाही कमी होते. बुटाचा तळवा मात्र सपाट आणि रबराचा असावा. धावण्याच्या बुटांचा जाड, मऊ तळवा पेडलवर दबतो आणि पायातला जोर त्यातच मुरतो.

दुसरा प्रकार म्हणजे बुटाच्या तळाला क्लीट नावाचा छोटा तुकडा बसवून तो पेडलमध्ये अडकवण्याचा. स्कीच्या बाइंडिंग, म्हणजे बूट स्कीला अडकवणाऱ्या पकडी, बनवणाऱ्या लूक या फ्रेंच कंपनीने १९८४ मध्ये असे पेडल बाजारात आणले आणि १९८५ मध्ये फ्रेंच सायकलपटू बर्नार्ड इनो यांनी ते वापरून तूर द फ्रान्स ही सायकल शर्यत जिंकली; शिमानो या जपानी कंपनीची एसपीडी ही पद्धत १९९० मध्ये आली. अशा पेडलमुळे पाय वर ओढूनही ताकद लावता येते, असे आवर्जून सांगितले जाते. प्रत्यक्षात संथ, एकसारख्या वेगात जवळजवळ सगळा जोर पाय खाली दाबतानाच लागतो. या पेडलचा खरा फायदा असा, की पाऊल एकदा जागेवर बसले की खडबडीत रस्त्यावर, उभे राहून चढ चढताना किंवा पाय भरभर फिरत असताना ते हलत नाही आणि तासन् तास सायकल चालवताना पुन्हा पुन्हा जुळवून घ्यावे लागत नाही.

यातही दोन घराणी आहेत आणि निवडीची खरी मेख इथे आहे. तीन बोल्टची मोठी क्लीट, म्हणजे शिमानोची एसपीडी-एसएल किंवा लूकची केओ, रोड बाइकच्या कडक तळव्याच्या बुटांना लागते. ती पावलाचा दाब रुंद भागावर पसरवते, पण तळव्याच्या बाहेर आलेली असल्यामुळे ढाब्याच्या फरशीवर चालताना पाय घसरतो आणि क्लीटही झिजते. दोन बोल्टची एसपीडी क्लीट छोटी, धातूची आणि तळव्याच्या खाचेत दडलेली असते, त्यामुळे त्या बुटांनी सहज चालता येते. २०० किलोमीटरच्या ब्रेव्हेसाठी, म्हणजे ठरलेल्या वेळेत पूर्ण करायच्या लांब पल्ल्याच्या सायकल फेरीसाठी, साडेतेरा तासांची मुदत असते. वाटेत नियंत्रण केंद्रावर शिक्का घेणे, जेवणे, पाणी भरणे यांसाठी अनेकदा उतरावे लागते. अशा स्वाराने, कितीही मुरलेला असला तरी, दोन बोल्टची पद्धत घ्यावी असे मी ठामपणे सुचवेन.

एकाच घरात नवशिका आणि सरावलेला स्वार एकच सायकल वापरत असतील, किंवा एकाच व्यक्तीला आठवडाभर शहरात आणि रविवारी घाटात जायचे असेल, तर एका बाजूने सपाट व दुसऱ्या बाजूने एसपीडी असलेले पेडल घ्यावे. शिमानोचे पीडी-ईएच ५०० हे त्यातले परिचित उदाहरण आहे. साध्या चपलेतही ते चालते आणि क्लीटच्या बुटांनाही. त्याची एक अडचण आधीच माहीत असावी: हवी ती बाजू दर वेळी वर येईलच असे नाही, त्यामुळे निघताना खाली पाहून पायाने पेडल उलटवावे लागते. भर रहदारीत हे त्रासदायक होते, म्हणून शहरात शक्यतो सपाट बाजूच वापरावी.

क्लीट प्रथमच वापरणाऱ्याने पेडलच्या मागील बाजूचा, पकड किती घट्ट हे ठरवणारा ताणाचा स्क्रू ३ मिलिमीटरच्या ॲलन कीने (षटकोनी किल्लीने) उलटा फिरवून सर्वांत सैल करावा. शिमानोची काळी एसएच ५१ क्लीट टाच बाजूला वळवली तरच सुटते. चंदेरी एसएच ५६ इतर दिशांनी जोराने ओढल्यावरही सुटते, म्हणून सुरुवातीला ती घ्यावी. भिंतीला हात टेकून आधी क्लीटचे पुढचे टोक अडकवावे, मग पाऊल खाली दाबावे आणि 'खट्' असा आवाज येईपर्यंत जोर द्यावा. सोडताना टाच बाहेर फिरवावी. पाय वर ओढून सोडवण्याची सवय लागू देऊ नये, कारण घाबरल्यावर शरीर तेच करते आणि माणूस थांबलेल्या सायकलसकट आडवा होतो. सिग्नल दिसताच, थांबण्याच्या पुष्कळ आधी, एक पाय मोकळा करावा. क्लीट अंगठ्याच्या आणि करंगळीच्या मुळांमधल्या पट्ट्याखाली यावी. गुडघा दुखू लागला तर आधी तिचा कोन तपासावा. शिमानोच्या तीन बोल्टच्या पद्धतीत पिवळी क्लीट पावलाला ६ अंश हालचाल देते, निळी २ अंश आणि लाल अजिबात नाही, तेव्हा पिवळीपासूनच सुरुवात करणे शहाणपणाचे.

दुकानात पेडल हातात धरून आस बोटांनी फिरवून पाहावा: खरखर जाणवू नये आणि आडवा हलवल्यावर खुळखुळाट होऊ नये. आटेही विचारून घ्यावेत. मोठ्यांच्या बहुतेक सायकलींना ९/१६ इंचाचे आटे लागतात, तर एकसंध सळईची क्रँक (पेडल जिला जोडतात ती दांडी) असलेल्या मुलांच्या सायकलींना १/२ इंचाचे.

बसवताना आसावरची एल आणि आर ही अक्षरे पाहावीत, कारण डाव्या पेडलचे आटे उलटे असतात. १५ मिलिमीटरचा पाना किंवा आतल्या बाजूने ॲलन की लागते. दोन्ही पेडले सायकलच्या पुढच्या दिशेला फिरवली की घट्ट होतात आणि मागच्या दिशेला फिरवली की सुटतात. आट्यांना ग्रीस लावूनच बसवावे, नाहीतर पोलादी आस ॲल्युमिनियमच्या क्रँकमध्ये जाम होतो. कोकणातल्या खाऱ्या हवेत तर हे लवकरच घडते. पहिले काही वेढे हातानेच द्यावेत, आटे तिरके लागत असल्याची शंका येताच उलटे फिरवून पुन्हा सुरुवात करावी, आणि पहिल्या लांब फेरीनंतर पाना लावून दोन्ही बाजू एकदा तपासाव्यात.