बुधवारात कामाला येणार असाल तर

शाळेत असताना दर जूनमध्ये आई मला घेऊन अप्पा बळवंत चौकात पुस्तकं घ्यायला यायची. तिथून दगडूशेठला जाताना एका ठरावीक वळणावर तिची माझ्या मनगटावरची पकड घट्ट व्हायची आणि चाल वाढायची. एमएसडब्ल्यूच्या (समाजकार्याच्या पदव्युत्तर शिक्षणाच्या) दुसऱ्या वर्षी माझं फील्डवर्क त्याच वळणाच्या आत लागलं, पुण्याच्या बुधवार पेठेतल्या वेश्यावस्तीत. घरी मी 'आरोग्य प्रकल्प' एवढंच सांगितलं. खोटं नव्हतंच ते.

पहिल्याच दिवशी मी शहाणपणा केला. जिन्यात तांदूळ निवडत बसलेल्या एका बाईंना (सगळ्या त्यांना आक्का म्हणतात, मूळच्या बेळगावकडच्या) वही उघडून विचारलं, "तुम्ही या धंद्यात कशा आलात?" आक्कांनी मान वर न करताच विचारलं, "तू समाजकार्यात कशी आलीस? कुणी फसवून आणलं का?" सगळा जिना हसला. मीही हसले, जरा उशिरा.

ती वही मी नंतर महिनाभर पिशवीतून काढली नाही. ती पुन्हा उघडली तेव्हा आक्कांनीच विचारलं होतं, "तुला फॉर्म भरता येतो ना?"

तर नव्याने येणाऱ्यांनो, कामाचा मोठा भाग हाच: फॉर्म. आधार, रेशन, बँकेचं खातं, शाळेचा दाखला. खोलीचं भाडं रोज भरलं तरी पावती मिळत नाही, आणि पावती नाही म्हणून पत्ता नाही. १९ मे २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने बुद्धदेव कर्मास्कर खटल्यात या बायकांच्या हक्कांबद्दल जे निर्देश दिले, त्यांत यावर वाट आहे. नाको (राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटना) किंवा राज्य एड्स नियंत्रण संस्थेच्या अधिकाऱ्याच्या प्रमाणपत्रावर आधार मिळू शकतं, आणि त्यात बाईचा व्यवसाय ओळखू येईल अशी खूण ठेवायची नाही. पण खिडकीमागच्या माणसाने हा आदेश वाचलेला असेलच असं नाही. मला एका केंद्रावरून तीनदा परत पाठवलं. चौथ्यांदा आदेशाची प्रत घेऊन गेले, संबंधित परिच्छेदावर पिवळा मार्कर मारून. तो मार्कर अजून पिशवीत असतो.

यादी करतानाही जपून. २०२०च्या टाळेबंदीनंतर राज्य सरकारने या बायकांसाठी ऑक्टोबर ते डिसेंबर दरमहा ५००० रुपये आणि शाळेत जाणारी मुलं असतील तर आणखी २५०० असं जाहीर केलं होतं. माझ्या ओळखीच्या काही जणींनी उपाशी असतानाही नाव दिलं नाही. "यादी गावाला गेली तर?" हा त्यांचा प्रश्न चुकीचा नव्हता. नाव लिहिण्याआधी कागद कुठे जाणार ते सांगा. सांगता येत नसेल तर लिहू नका.

कायदा मात्र पहिल्या आठवड्यातच वाचून काढा. १९५६चा अनैतिक व्यापार प्रतिबंध कायदा, ज्याला सगळे 'पिटा' म्हणतात. सज्ञान बाईने स्वतःच्या मर्जीने धंदा करणं हा त्यात गुन्हा नाही. कुंटणखाना चालवणं, दलाली, सार्वजनिक जागेपासून दोनशे मीटरच्या आत धंदा, रस्त्यावर गिऱ्हाईक बोलावणं हे गुन्हे आहेत. कलम ४ मला सगळ्यात जास्त खटकतं. दुसऱ्या कुणाच्या वेश्या व्यवसायाच्या कमाईवर जाणूनबुजून जगणारी अठरा वर्षांवरची कुठलीही व्यक्ती त्यात येते. आक्कांचा मुलगा एकोणीस वर्षांचा, डिप्लोमाला. त्याची फी कोण भरतं? आईच. आता काढा अर्थ.

रेड पडली की बायकांना 'पीडित' म्हणून सुधारगृहात पाठवता येतं, कलम १७ खाली एक ते तीन वर्षं. सप्टेंबर २०२० मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने अशाच तीन तरुण स्त्रियांना सोडण्याचा आदेश दिला: सज्ञान बाईला आपला व्यवसाय निवडायचा हक्क आहे, तिला मर्जीविरुद्ध डांबता येणार नाही. वकिलाला पैसे नाहीत म्हणून कुणी अडली तर शिवाजीनगर कोर्टात जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे. बाईला तिथे उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो.

अठराखालची मुलगी दिसली, किंवा कुणाला जबरदस्तीने ठेवलंय असं कळलं, तर वरचं सगळं बाजूला. मुलीच्या बाबतीत पोक्सोखाली (मुलांवरच्या लैंगिक गुन्ह्यांचा कायदा) कळवणं बंधनकारक आहे, मुलांच्या हेल्पलाइनचा १०९८ पाठ असू द्या. ही खबर मला दोनदा मिळाली, दोन्ही वेळा गल्लीतल्या बायकांकडूनच.

बाकी किरकोळ. सकाळी अकराच्या आत जाऊ नका, झोपमोड होते. मोबाइल पिशवीतच ठेवा. 'सोडवायला' येत असाल तर आधी सहेली संघाच्या बायकांशी बोला. ही संघटना त्यांची स्वतःची आहे आणि त्यांना तुमच्यापेक्षा जास्त कळतं. पगाराचं विचारू नका.

आणि बाहेर ओळख दाखवू नका. गेल्या दिवाळीत लक्ष्मी रोडवर आक्का समोरून आल्या, सोबत गावाकडची भावजय आणि भाच्या. माझ्याकडे बघून न बघितल्यासारखं केलं. मीही एका दुकानाच्या काचेत बघत राहिले. रात्री फोन आला: "काचेत काय बघत होतीस गं एवढी? ते शर्टाचं दुकान होतं."