विदर्भात रोड सायकलिंग: पूर्णेचं खोरं, सातपुड्याचा पायथा अन् चिखलदऱ्याचा घाट कसा करायचा

समुद्र काही नाही भाऊ आपल्याकडे. कोकणातले लोकं एका हाताला समुद्र अन् दुसऱ्या हाताला नारळ असे फोटो टाकतात तेव्हा थोडं जळायला होतंच, पण पूर्णेचं खोरं आहे, सातपुड्याचा पायथा आहे, गाविलगडाचा डोंगर आहे, अन् अमरावती जिल्ह्यातल्या परतवाड्याला मुक्काम टाकला तर तिन्ही दोन-तीन दिवसांत होऊन जातात. खारं पाणी पाहिजेच असेल तर तेही आहे, ते जमिनीखाली आहे, त्याचं पुढे सांगतो.

पहिले सीझन. नोव्हेंबर ते फेब्रुवारी डोळे मिटून या. मार्च अर्धा गेला की विसरा, मे मध्ये इकडे पारा ४५ च्या वर जातो अन् डांबरावर त्याहून जास्त लागतं. त्यामुळे इकडे राइड आखताना आधी घड्याळ बघायचं, मग पाणी, मग किलोमीटर. थंडीतसुद्धा मी साडेपाचला निघतो अन् अकरापर्यंत मोठं काम आटोपतो. दोन बाटल्या लागतातच, एकीत साधं पाणी, दुसरीत ओआरएस किंवा घरचं लिंबू-मीठ-साखर. तासाला अर्धा ते पाऊण लिटर पोटात गेलंच पाहिजे, तहान लागायची वाट बघू नका.

आता काटे. याच्यावर जरा जास्त लिहितो कारण इकडे ज्याची राइड मोडते त्याची नव्वद टक्के वेळा काट्यानंच मोडते, हा माझा अंदाज आहे पण विचारा कोणालाही. धुऱ्यावरच्या बाभळी छाटल्या की काटेरी फांद्या बैलबंडीतून ओढत नेतात, त्यातले काटे रस्त्याच्या कडेला पडून राहतात, अन् पावसाळा संपला की सराटे वाळतात. सराटा कसाही पडला तरी एक काटा वरच असतो त्याचा. माझं पहिल्या वर्षी असं झालं की पंक्चर झालं, नवी ट्यूब टाकली, हवा भरली, दीड किलोमीटर गेलो की परत फुस्स. दुसरी ट्यूब टाकली, तीही गेली. मग हापशीवर पाणी भरणाऱ्या एका आजोबांनी विचारलं, टायरातला काटा काढला का बाप्पा? बाहेरून तुटलेला बाभळीचा काटा आत तांदळाएवढा उभा होता. म्हणून ट्यूब बदलायच्या आधी टायरच्या आतून बोट फिरवायचं, पण हळू, नाहीतर बोटात घुसतो, रुमालाचा तुकडा फिरवला तर धागा अडकतो अन् जागा सापडते.

टायर २३ मिलिमीटर रुंदीचा असेल तर घरीच ठेवा, २८ किंवा ३२ घ्या. दोन ट्यूब, पॅच, सोल्युशन, लिव्हर, पंप. अन् एक छोटी वस्तू लोकं विसरतातच, ती म्हणजे प्रेस्टा व्हॉल्व्हचा, म्हणजे रोड सायकलच्या ट्यूबला असते त्या बारीक नळीचा अडॅप्टर. गावातल्या पंक्चरवाल्याकडे कॉम्प्रेसर असतो, पण त्याचं तोंड तुमच्या बारीक नळीला बसत नाही, मग तो अन् तुम्ही दोघं एकमेकांकडे बघत बसता.

पहिला दिवस खोऱ्याचा करा, सपाट आहे. अचलपूर, अंजनगाव, दर्यापूर असा रस्ता धरायचा, परतीसकट अंगावर येत असेल तर अंजनगावहूनच वळा. सुरुवातीला संत्र्याच्या बागा, मग पऱ्हाटी अन् तूर, अंजनगावकडे पानमळे. सोबतीला बंद पडलेल्या शकुंतला रेल्वेचा मार्ग, अचलपूर ते मूर्तिजापूर नॅरोगेज. जिथे रूळ अजून डांबरात दिसतात तिथे सायकल रुळाला काटकोनात घालायची, तिरकी घातली तर पुढचं चाक फटीत जातं अन् तुम्ही रस्त्यावर.

रस्ता सपाट असला तरी गुळगुळीत समजू नका. खाली काळी माती आहे, पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसून भेगाळते, त्यामुळे डांबर लाटांसारखं होतं अन् कडेला लांबच लांब भेगा पडतात, बारीक टायर नेमका त्यात बसतो. म्हणून अगदी काठानं चालवू नका, हातभर आत राहा. ऑक्टोबर-नोव्हेंबरात रस्त्यावर सोयाबीन वाळत घातलेली असते, तिच्यावरून ब्रेक मारला तर छर्ऱ्यावर उभं राहिल्यासारखं होतं. आधीच हळू व्हा, हँडल सरळ ठेवा, अन् शेतकऱ्याचा माल आहे, शक्य असेल तर बाजूनंच घ्या.

आता ते खाऱ्या पाण्याचं. पूर्णेच्या दोन्ही अंगाला खारपाणपट्टा आहे, अमरावती, अकोला अन् बुलडाणा जिल्ह्यांत, दर्यापूर त्यातच येतं. विहिरी अन् हापशींचं पाणी खारट लागतं, तहान भागत नाही उलट वाढते. म्हणून अंजनगावातच दोन्ही बाटल्या गोड्या पाण्यानं भरून घ्या. पुढे लागलं तर विकतचं घ्या किंवा कोणाच्या घरी मागा, प्यायचं पाणी वेगळं भरून ठेवलेलं असतं अन् नाही कोणी म्हणत नाही.

दुसरा दिवस पायथ्याचा, छोटा ठेवा. परतवाड्याहून बैतुल रोडनं निघायचं, खरपीहून मुक्तागिरीला वळायचं, एका बाजूनं पंधराएक किलोमीटर. मुक्तागिरी हद्दीपलीकडे मध्य प्रदेशात आहे, जैनांची ५२ मंदिरं डोंगरात अन् मधून धबधबा, वर जायला पायऱ्या आहेत म्हणून पेडलमध्ये अडकणारे क्लीटचे बूट असतील तर चप्पल सोबत ठेवा. २० डिसेंबरनंतर आलात तर त्याच बैतुल रोडवर बहिरमची यात्रा लागलेली असते, जानेवारीभर चालते, हंडीतलं मटण अन् रोडगे. खाऊन परत सायकल चालवायची हे लक्षात ठेवून खा, मी ठेवलं नव्हतं.

तिसरा दिवस चिखलदरा. परतवाड्याहून धामणगाव गढीमार्गे तीसेक किलोमीटर, वर १११८ मीटर उंची, म्हणजे जवळपास ७५० मीटर चढ. सरासरी काढली तर सोपा वाटतो, पण धामणगाव गढीपर्यंत रस्ता अंगाला लागत नाही अन् सगळा हिशोब नंतर एकदम होतो. पेडलच्या लहान चक्राला ३४ अन् मागच्या सगळ्यात मोठ्या चक्राला किमान ३२ दात पाहिजेत, मागे २८ वर मी एकदा गेलो, गुडघा आठवडाभर बोलत होता. सुरुवातीला सोबतच्याशी पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे इतकंच हळू चढा. आपण डावीकडून चालवतो त्यामुळे डाव्या वळणात आतली बाजू आपली, ती उभी असते, तिथे वळणाच्या आधीच गिअर हलका करा. उजव्या वळणात बाहेरची बाजू मिळते, चढ कमी होतो, तिथे दम खा, पाणी प्या. रविवारी गाड्या फार, मधला वार निवडा. पावसाळ्यात घाट हिरवागार असतो पण धुक्यात दहा फुटांवरचं दिसत नाही, मागचा लाल लाइट नसेल तर जाऊच नका.

मोथा आलं की समजायचं झालं. गवळ्यांचं गाव, दूध-खवा चांगला. वर गाविलगड, देवी पॉइंट, भीमकुंड बघा. कीचकाला भीमानं मारून इथल्या दरीत टाकलं म्हणून कीचकदरा, त्याचं चिखलदरा झालं असं सांगतात. इथे कॉफीही पिकते, ती प्या. पुढे सेमाडोहकडे जायचा मोह होतो, एकट्यानं नको. मेळघाटचं वाघांचं जंगल आहे, अस्वलं अन् रानगवे आहेत, अन् अंधार पडायच्या फार आधी जंगलाबाहेर असलंच पाहिजे.

उतरताना ब्रेक सतत दाबून धरू नका, रिम तापते. वळणाच्या आधी दोन्ही ब्रेक दाबा, वेग पाडा, सोडा, मग वळा. माकडं कठड्यावर बसलेली असतात अन् नेमकी आपण जवळ आलो की रस्ता ओलांडतात. डिसेंबरच्या सकाळी बोटं इतकी गारठतात की ब्रेक दाबता येत नाही, हातमोजे नसतील तर वरच्या कॅन्टीनमधून जुना पेपर मागून घ्या अन् जर्सीच्या आत छातीला लावा, धामणगाव गढीला उन्हात काढून टाकता येतो.