‘टर्न अवे’ला फ्रॉम का लागतो?

सोलापुरात अशोक चौकाजवळ माझी इंग्रजीची शिकवणी आहे. शेजारच्या कारखान्यात यंत्रमागांची खडखड चालू असते, त्यामुळं व्याकरणसुद्धा मी ओरडूनच शिकवतो. गेल्या आठवड्यात नववीतल्या एका मुलीनं वहीत लिहिलं : माय फ्रेंड टर्न्ड अवे टू मी.

“टू कशाला गं?”

“सर, मैत्रिणीनं माझ्याकडं पाठ फिरवली. कडं म्हणजे टूच की!”

मराठी बरोबर आहे, म्हणूनच तर इंग्रजी चुकलं. आपण पाठ कुणाकडं झाली ते सांगतो. इंग्रजी तोंड कुणापासून वळलं ते सांगतं. म्हणून फ्रॉम. माय फ्रेंड टर्न्ड अवे फ्रॉम मी.

घोटाळा झाला की मी मागाचंच उदाहरण देतो. सोलापूरचे कितीतरी विणकर हातमागाकडून यंत्रमागाकडं वळले. मेनी वीव्हर्स टर्न्ड अवे फ्रॉम हँडलूम्स अँड टर्न्ड टू पॉवरलूम्स. सोडलं त्याला फ्रॉम, धरलं त्याला टू. इथं मराठीतले ‘कडून’ आणि ‘कडं’ अगदी जागेवर बसतात. ज्यांच्या घरी आजोबांचा हातमाग होता, त्या पोरांना हे वाक्य पुन्हा सांगावं लागत नाही.

फ्रॉमनंतर क्रियापद आलं तर त्याला आयएनजी लावा : टर्न्ड अवे फ्रॉम ड्रिंकिंग. ‘फ्रॉम टू ड्रिंक’ लिहिलंत तर लाल शाई.

आता दुसरा अर्थ, दारातून परत पाठवणे. वडिलांच्या एका दाखल्यासाठी आम्ही दोघं भर मे महिन्यात एका कार्यालयात गेलो. दहा मिनिटं उशीर झाला, म्हणून शिपायानं फाटकावरूनच वाटेला लावलं. द प्यून टर्न्ड अस अवे. इथं फ्रॉम नसला तरी चालतं, पण ‘अस’ मध्येच बसला पाहिजे. ‘टर्न्ड अवे अस’ होत नाही. सर्वनाम नसेल तर मोकळीक आहे : ‘टर्न्ड द ओल्ड मॅन अवे’ म्हणा, नाहीतर ‘टर्न्ड अवे द ओल्ड मॅन’. (दाखला तिसऱ्या खेपेला मिळाला. त्याचं इंग्रजी मी वर्गात शिकवत नाही.)

माणसाला परत पाठवलं तर टर्न अवे, पण अर्ज, नोकरी किंवा आमंत्रण नाकारलं तर टर्न डाउन. स्थळाला नकार दिला तरी डाउनच. यावर वर्ग दरवेळी हसतो.

वही काढा, ही तीन वाक्यं करा :

गड्ड्याच्या जत्रेत आजीनं आकाशपाळणा बघितला आणि तोंड फिरवलं.
मामा तंबाखूपासून दूर झाले.
दुकानदारानं त्याला परत पाठवलं.

फ्रॉम फक्त एकाच वाक्यात लागतो. तिसऱ्यात ‘हिम’ कुठं ठेवलात, ते मी आधी बघणार.