गॅलंट व्हीआर-४ : स्वस्तात हाती आलेली दुर्मिळ गाडी पुन्हा रस्त्यावर आणताना

मित्सुबिशीने १९९१ आणि १९९२ या दोन वर्षांत अमेरिकेच्या बाजारात गॅलंट व्हीआर-४ ही सेडान मोजक्या संख्येने विकली. पहिल्या वर्षी २,००० आणि दुसऱ्या वर्षी १,००० गाड्या आल्या आणि प्रत्येक गाडीत तिचा अनुक्रमांक कोरलेली एक छोटी पट्टी होती. ही गाडी रॅलीच्या 'ग्रुप ए' नियमांसाठी, म्हणजे बाजारात विकल्या जाणाऱ्या गाड्यांवर आधारलेल्या रॅली गाड्यांच्या गटासाठी, घडवलेली होती. तिच्या रॅली आवृत्तीने १९८९ मध्ये फिनलंडची 'थाउजंड लेक्स' आणि ब्रिटनची आरएसी या दोन्ही रॅली जिंकल्या, आणि १९९१ मध्ये आयव्हरी कोस्टच्या रॅलीत केंजिरो शिनोझुका यांनी याच गाडीतून जागतिक अजिंक्यपद स्पर्धेतील फेरी जिंकली, जे कोणत्याही जपानी चालकाचे असे पहिलेच यश होते. दोन लिटरचे १९५ अश्वशक्तीचे टर्बो इंजिन, चारही चाकांना ताकद आणि वळताना थोडी वळणारी मागची चाके एवढे सगळे एका साध्या, चौकोनी कौटुंबिक सेडानच्या पोटात बसवलेले होते. बाहेरून ती ओळखू येत नसल्यामुळे अनेक गाड्या पुढे अशा हातांत गेल्या की ज्यांना त्यांचे मोल ठाऊक नव्हते, आणि म्हणूनच ती आजही कधी कधी एखाद्या अंगणात ताडपत्रीखाली, बंद अवस्थेत, कमी किमतीत सापडते.

अशी गाडी घेणाऱ्याने एक गोष्ट आधीच मनाशी पक्की करावी. या गाडीतील दुर्मिळ वस्तू म्हणजे तिचे इंजिन नव्हे. तिचे ४जी६३ नावाचे इंजिन, गिअरबॉक्स आणि मागच्या डिफरन्शियलचे (दोन चाकांत ताकद वाटणाऱ्या गिअरसंचाचे) बरेचसे भाग त्याच काळातील मित्सुबिशी एक्लिप्स, ईगल टॅलन आणि प्लिमथ लेझर यांच्या चारही चाकांना ताकद देणाऱ्या टर्बो गाड्यांशी मिळतेजुळते आहेत आणि ते आजही मिळवता येतात. खरोखर दुर्मिळ आहेत ते तिचे बंपर, दारांखालच्या कडा, आसनांचे कापड, मागच्या चाकांच्या स्टिअरिंगचे भाग आणि ती क्रमांकाची पट्टी. इंजिन बिघडले तर दुसरे बसवता येईल, पण तडकलेला मूळ बंपर शोधण्यात वर्षे जातात. म्हणून कामाला हात घालण्यापूर्वी हे सगळे भाग मोजावेत, त्यांची छायाचित्रे काढावीत, जे सुटे करावे लागतील त्यांचे बोल्ट नाव लिहिलेल्या पिशव्यांत ठेवावेत आणि प्लास्टिकच्या पट्ट्या उन्हात पडू देऊ नयेत. प्लास्टिकच्या जुन्या खुंट्या थंडीत काचेसारख्या तुटतात, त्यामुळे त्या काढण्याआधी केस वाळवण्याच्या यंत्राने ऊब देण्याचा कंटाळा करू नये.

खरेदीच्या वेळी दोन चाचण्या आवर्जून कराव्यात. पहिली चाचणी क्रँकची, म्हणजे पिस्टन ज्याला फिरवतात त्या इंजिनच्या मुख्य दांड्याची. एकाने क्लच दाबावा आणि दुसऱ्याने इंजिनच्या कडेच्या क्रँक पुलीकडे पाहावे. क्लच दाबताच पुली डोळ्यांना दिसेल इतकी बाहेर सरकत असेल, तर क्रँकला पुढे-मागे सरकू न देणारे थ्रस्ट बेअरिंग गेलेले आहे. या गाड्यांचे मूळ इंजिन सहसा 'सहा बोल्टचे', म्हणजे फ्लायव्हील सहा बोल्टांनी क्रँकला जोडलेले असते, आणि या बाबतीत ते चांगले टिकते. पण तीस वर्षांत कोणी तरी नंतरचे सात बोल्टचे इंजिन बसवलेले असणे अगदी शक्य आहे, आणि क्रँक सरकण्याच्या दोषासाठी ते इंजिन बदनाम आहे. दुसरी चाचणी कॉम्प्रेशनची, म्हणजे सिलिंडरमध्ये तयार होणाऱ्या दाबाची. इंजिन गरम असताना चारही स्पार्क प्लग काढून आणि थ्रॉटल पूर्ण उघडा ठेवून चारही सिलिंडर मोजावेत. आकडा थोडा कमी असला तरी चारही सारखे असतील तर फारशी काळजी नाही, पण एकमेकांत सुमारे १ बारपेक्षा अधिक फरक असेल, तर किंमत ठरवताना इंजिन उघडावे लागणार असे गृहीत धरावे. वरच्या बाजूने येणारी लिफ्टरची (व्हॉल्व्ह चालवणाऱ्या छोट्या भागांची) टिकटिक मात्र या इंजिनाला जन्मापासून आहे. ऐकायला ती वाईट वाटते, पण केवळ तेवढ्यासाठी गाडी नाकारू नये.

गाडी घरी आली की ती सुरू करण्याची घाई होते. माझा सल्ला असा, की आधी बॅटरीची तार काढावी, इंजिनचा संगणक म्हणजे ईसीयू बाहेर काढावा आणि त्याचे झाकण उघडावे. त्या काळातील मित्सुबिशीच्या ईसीयूमधील कॅपॅसिटर वयोमानाने पाझरतात, आणि आतला द्रव सर्किटच्या तांब्याच्या रेषा खात जातो. माझ्या गाडीच्या ईसीयूचे झाकण उघडले तेव्हा पहिल्यांदा नाकाला जाणवला तो सुकट माशासारखा वास. नंतर एका कॅपॅसिटरच्या पायाशी तपकिरी, चिकट डाग दिसला आणि त्याखालची हिरवी पट्टी काळवंडलेली होती. ज्याच्याकडून मी गाडी घेतली, त्याने 'कधी कधी सुरू होत नाही, सेन्सर बदला' असे सांगून दोन सेन्सर आधीच बदललेले होते. अशा वेळी जुने कॅपॅसिटर काळजीपूर्वक काढावेत, जागा आयसोप्रोपिल अल्कोहोलने स्वच्छ करावी, तितक्याच मायक्रोफॅरडचे, तितक्याच किंवा अधिक व्होल्टचे आणि १०५ अंश सेल्सिअसपर्यंत चालणारे नवे कॅपॅसिटर बसवावेत आणि बसवताना ऋण बाजू उलटी होत नाही ना हे दोनदा पाहावे. तांब्याची रेषा तुटली असेल तर बारीक तारेने ती जोडावी. सोल्डरिंगचा सराव नसेल, तर हे काम इलेक्ट्रॉनिक्सच्या कारागिराकडून करून घेणेच योग्य.

ईसीयू परत बसवण्यापूर्वी आयडल, म्हणजे उभ्या गाडीतील इंजिनची मंद चाल, नियंत्रित करणाऱ्या मोटरची तपासणी करावी, कारण तिची वेटोळी आतल्या आत शॉर्ट झाली असतील, तर ती दुरुस्त झालेल्या ईसीयूचा तोच भाग पुन्हा जाळते. मल्टिमीटरने तिच्या प्रत्येक वेटोळ्याचा रोध मोजावा. सामान्य तापमानाला तो २८ ते ३३ ओहम असायला हवा, आणि त्यापेक्षा फार कमी असेल तर मोटर बदलावी.

यानंतरचे काम क्रँक आणि व्हॉल्व्ह उघडणारे कॅम यांचा मेळ राखणाऱ्या टायमिंग बेल्टचे, आणि या गाडीवर सगळ्यात अधिक वेळ व लक्ष इथेच द्यावे. ४जी६३ मध्ये बेल्ट तुटला तर पिस्टन व्हॉल्व्हला आदळतात आणि व्हॉल्व्ह वाकतात. बेल्टचे आयुष्य साधारण ९६,००० किलोमीटर धरलेले आहे, पण बंद उभ्या गाडीतील बेल्टचे वय किलोमीटरने मोजण्यात अर्थ नाही. तो कधी बदलला याचा कागद हाती नसेल, तर तो बदललेलाच नाही असे समजावे. आणखी एक धोका असा, की मोठ्या बेल्टशेजारी बॅलन्स शाफ्टचा, म्हणजे इंजिनची थरथर कमी करणाऱ्या दांड्याचा, दुसरा छोटा बेल्ट असतो, आणि तो तुटला तर त्याचे तुकडे मोठ्या बेल्टखाली ओढले जातात व मोठा बेल्टही उडी मारतो. त्यामुळे दोन्ही बेल्ट, त्यांच्या पुली, बेल्ट ताणून धरणारा हायड्रॉलिक टेन्शनर, पाण्याचा पंप आणि क्रँक, कॅम व ऑइल पंपाची सीले एकदमच बदलावीत. सीलातून ऑइल नव्या बेल्टवर टपकू लागले, तर सगळे पुन्हा उघडावे लागते.

पहिल्या सिलिंडरचा पिस्टन वरच्या टोकाला आणून क्रँकची खूण जुळवावी. त्या वेळी दोन्ही कॅमच्या पिना वर आकाशाकडे असतात आणि दोन्ही कॅम चाकांवरच्या खुणा हेडच्या वरच्या कडेच्या रेषेत एकमेकींसमोर येतात. इथवर बहुतेक जण बरोबर करतात. चूक होते ती ऑइल पंपाच्या चाकाशी. त्या चाकावरची खूण जुळलेली दिसली, तरी त्याच्या गिअरवर फिरणारा आतला बॅलन्स शाफ्ट अर्धा फेरा उलटा असू शकतो. हे पाहण्यासाठी इंजिनच्या ब्लॉकच्या बाजूला एक प्लग दिलेला आहे. तो काढून त्या छिद्रातून ८ मिलिमीटर जाडीचा स्क्रू ड्रायव्हर आत सरकवावा. तो ६० मिलिमीटरपर्यंत गेला, तर शाफ्ट बरोबर आहे. २०–२५ मिलिमीटरवरच अडला, तर चाक एक पूर्ण फेरा फिरवून पुन्हा पाहावे. बेल्ट चढेपर्यंत तो स्क्रू ड्रायव्हर तसाच आत ठेवावा. ही पायरी गाळली तर इंजिन सुरू होते आणि चालतेही, पण ठरावीक वेगाला संपूर्ण गाडी थरथरते, आणि मग माणूस इंजिनचे माउंट बदलत बसतो.

टेन्शनर व्हाइसमध्ये उभा धरून अगदी हळूहळू दाबावा. घाईने दाबला तर त्याचे आतले सील फुटते. त्याच्या दांड्याचे आणि बाहेरच्या भागाचे अशी दोन्ही छिद्रे जुळली की त्यात बारीक पिन घालावी. बेल्ट बसवून आणि पिन काढून क्रँक घड्याळाच्या दिशेने दोन फेरे फिरवावा, पंधरा मिनिटे थांबावे आणि टेन्शनरचा दांडा किती बाहेर आहे ते मोजावे. तो ३.८ ते ४.५ मिलिमीटर असेल तर बेल्टचा ताण बरोबर आहे. ती पंधरा मिनिटे वाया जात आहेत असे वाटते, पण टेन्शनर आतल्या ऑइलवर चालतो आणि त्याला स्थिरावायला तेवढा वेळ लागतोच.

इंजिन सुरू झाल्यावर लगेच टर्बोचा दाब वाढवण्याचा मोह आवरावा. या गाडीत आत जाणारी हवा टर्बोच्या आधी मोजली जाते, म्हणून पुढे एखाद्या पाइपातून हवा निसटली, तर संगणक न पोचलेल्या हवेचेही पेट्रोल देतो. मग काळा धूर, अडखळणारे आयडल आणि मंद चाल ही लक्षणे दिसतात आणि दोष इंजेक्टरला दिला जातो. त्यासाठी टर्बोच्या तोंडाला व्हॉल्व्ह बसवलेली टोपी लावावी, क्रँककेसकडे जाणारी नळी बंद करावी, कॉम्प्रेसरने सुमारे १ बार हवा भरावी आणि साबणाचे पाणी फवारत जावे. बुडबुडे बहुधा इंटरकूलरच्या (टर्बोतून आलेली हवा थंड करणाऱ्या जाळीच्या) रबरी जोडांवर, थ्रॉटल बॉडीच्या दांड्याच्या दोन टोकांवर आणि इंजेक्टरच्या रबरी सीलांवर दिसतात. रबरी नळ्या आणि क्लॅम्प नवे घालावेत. एवढ्या कामाने अनेक गाड्यांची हरवलेली अर्धी ताकद परत येते.

द्रवांच्या बाबतीत एकच सावधगिरी सांगतो. गिअरबॉक्समध्ये जीएल-४ या दर्जाचेच गिअर ऑइल घालावे. बहुतेक जीएल-५ ऑइल पितळी सिंक्रोनायझरला, म्हणजे गिअर बदलताना वेग जुळवणाऱ्या कड्यांना, मानवत नाही, आणि दुसऱ्या गिअरची खरखर बहुतेक वेळा अशाच चुकीतून वाढते. मागच्या चाकांकडे ताकद पाठवणाऱ्या ट्रान्सफर केसमध्ये ऑइल एका लिटरपेक्षाही कमी असते. त्यामुळे तिथली बारीकशी गळतीही ती केस कोरडी करू शकते आणि कोरडी केस चालत्या गाडीत जाम होते. पुढच्या आणि मागच्या चाकांमधला डिफरन्शियल व्हिस्कस कपलिंगचा (दाट द्रवाने ताकद जोडणारा) असल्यामुळे चारही टायर एकाच आकाराचे आणि सारखे झिजलेले असावेत. दोन नवे आणि दोन जुने टायर घालून चालवले, तर ते कपलिंग सतत तापत राहते.

मागच्या चाकांचे स्टिअरिंग हायड्रॉलिक असते आणि त्याचा मागचा पंप डिफरन्शियलवर चालतो. सुमारे ५० किलोमीटर वेगाच्या वर मागची चाके पुढच्या चाकांच्याच दिशेने फार तर दीड अंश वळतात. गाडीखालून मागे जाणाऱ्या नळ्या गंजून गळू लागल्या की बरेच जण ही सगळी व्यवस्था काढून टाकतात, कारण वजन कमी होते आणि काम वाचते. मला ते पटत नाही. जी व्यवस्था या गाडीला तिच्या काळातील इतर सेडानांपासून वेगळे करते, ती नळ्यांच्या गंजापायी भंगारात घालू नये. नळ्या कोणत्याही चांगल्या हायड्रॉलिकच्या कारखान्यात नव्याने वाकवून मिळतात, आणि मागचा पंप व सिलिंडर सील बदलून वाचवता येतात.

गंजाची तपासणी मागच्या चाकांच्या कमानी, दारांखालची पोकळी, डिकीतील जादा चाकाचा खड्डा आणि सस्पेन्शनचे पाय जिथे पत्र्याला जोडले जातात त्या जागी करावी. शेवटच्या जागेचा गंज कापून नवा पत्रा जोडावा लागतो, त्यावर पुट्टी भरणे धोक्याचे आहे. ब्रेकच्या रबरी नळ्या, कॅलिपरची सीले आणि सस्पेन्शनचे बुश ही कामे कोणत्याही जुन्या गाडीसारखीच असल्यामुळे त्यांचा विस्तार करत नाही. मात्र बुश बदलल्यावर चारही चाकांचे अलाइनमेंट करून घ्यावे आणि त्या वेळी मागचे स्टिअरिंग मध्यावर आहे का, हे कारागिराला मुद्दाम पाहायला सांगावे.

पहिले ५०० किलोमीटर टर्बोच्या मूळ दाबावरच चालवावेत आणि त्यानंतर इंजिन, गिअरबॉक्स, ट्रान्सफर केस व डिफरन्शियल या चारही ठिकाणचे ऑइल पुन्हा बदलावे. ट्रान्सफर केसचे जुने ऑइल पांढऱ्या थाळीत काढून सूर्यप्रकाशात तिरपे धरावे. बारीक करडी पूड दिसली तर ती नेहमीची झीज आहे, पण नखाला टोचणारा चकचकीत कण दिसला, तर गाडी तिथेच उभी ठेवून केस उघडावी.