स्पितीच्या थंडीत डिझेल गाडी: आधी टाकीकडे बघा

हिवाळ्यात पुण्या-मुंबईहून डिझेल गाडी घेऊन स्पितीला निघालेला माणूस बॅटरीच्या काळजीत असतो. बॅटरी तपासा, कूलंट आणि पाणी निम्मं-निम्मं करा, मॅन्युअलमध्ये सांगितलेलं थंडीचं ऑइल घाला. संपलं. गाडी अडते ती डिझेलपायी.

साध्या डिझेलमधलं मेण थंडीत दाणे धरतं आणि फिल्टर तुंबतो. मानकानुसार आपलं हिवाळी डिझेलसुद्धा फिल्टरमधून सुरळीत जाण्याची खात्री अधिक ६ अंशांपर्यंतच. स्पितीतल्या काझात जानेवारीच्या रात्री पारा उणे २० च्या आसपास जातो. म्हणून इंडियन ऑइलने २०१९ मध्ये लडाख, काझा, केलाँगसाठी उणे ३३ अंशांपर्यंत प्रवाही राहणारं विंटर डिझेल आणलं.

आता खरी गोम. खालून येताना टाकी गच्च भरून आणलीत, तर वर विंटर डिझेल ओतायला जागाच उरत नाही. वाटेत किन्नौरमधल्या पोवारीच्या पंपावर, काझा गाठून थोडं शिल्लक राहील इतकंच भरा. रस्ता बंद पडू शकतो, तेवढी सोय धरून. अँटीजेल, म्हणजे मेण धरू न देणारं डिझेलमधलं औषध, घालायचं तर तिथेच, डिझेल पातळ असताना. मेण धरल्यावर ओतलेलं अँटीजेल काही कामाचं नाही. काझाच्या पंपावर विंटर डिझेल शिल्लक आहे का, हे होमस्टेवाल्याला आदल्या दिवशीच फोन करून विचारा.

विंटर डिझेल भरलं की लोक थेट मुक्कामी जाऊन गाडी लावतात. इथेच फसतात! टाकीत नवं डिझेल असलं तरी फिल्टरात आणि पाइपांत जुनंच असतं. भरल्यावर पंधरा-वीस किलोमीटर गाडी फिरवा, मगच बंद करा.

तरीही सकाळी गाडी सुरू होऊन मिनिटभरात बंद पडली, तर पुन्हापुन्हा स्टार्टर मारू नका, बॅटरीही जाईल. फिल्टर उघडलात तर आत डालड्यासारखा पांढरट थर दिसेल. त्यावर उकळतं पाणी ओतू नका, प्लास्टिकचं हाउसिंग तडकतं. गरम पाण्याची पिशवी बांधून अर्धा तास थांबा, नाहीतर सोबतचा नवा फिल्टर बसवा. मग हँड प्रायमर (डिझेल पुढे ढकलणारा हातपंप) कडक होईपर्यंत दाबून एअर काढा. जुन्या गाडीत ब्लीड स्क्रू, म्हणजे हवा काढायचा स्क्रू, सैल करून बुडबुडे थांबेपर्यंत पंप मारायचा आणि डिझेल वाहत असतानाच स्क्रू आवळायचा. कॉमन रेल, म्हणजे नव्या धाटणीच्या डिझेल इंजिनाच्या हाय प्रेशर पाइपला मात्र पाना लावायचा नाही. तिथला फवारा कातडीतून आत शिरतो.

टाकीखाली शेगडी किंवा ब्लोटॉर्च लावणारे भेटतील. त्यांना चहा पाजा आणि वाटेला लावा. रॉकेल मिसळा म्हणणाऱ्यांनाही तेच. त्यात वंगण कमी, नव्या गाडीचा पंप आणि इंजेक्टर खराब होतात.

रात्री हँडब्रेक ओढू नका, गोठतो. गिअरमध्ये ठेवून चाकामागे दगड लावा. बीएस-६ गाडीतलं डीईएफ (धूर स्वच्छ करणारं युरियाचं द्रावण) उणे ११ ला गोठतं, पण त्याला हीटर असतो; फक्त ती टाकी काठोकाठ भरू नका.