रिटायरमेंटनंतर कपडे घेताय? या चुका टाळा, नाहीतर आलमारी गच्च अन् घालायला काही नाही

आमचं शिवणकामाचं दुकान दर्यापूरकडच्या एका बाजारगावात आहे, जेन्ट्स आमचे मिस्टर पाहतात, लेडीज माझ्याकडे. दरवर्षी मे संपता संपता आणि जूनच्या शेवटी एक गिऱ्हाईक हमखास वाढते, ते म्हणजे रिटायर होणारे मास्तर, ग्रामसेवक, पंचायत समितीतले बाबू. जुन्या लोकांची जन्मतारीख शाळेत १ जून नाहीतर १ जुलै लावून दिलेली असते आणि १ तारखेचा जन्म असला की माणूस आदल्या दिवशीच, म्हणजे ३१ मे नाहीतर ३० जूनला, घरी बसतो. सेवापूर्तीच्या कार्यक्रमासाठी सफारी, मॅडम असल्या तर भारी साडीवरचं ब्लाऊज, वर हौसेनं अजून चार जोड. आणि दिवाळीपर्यंत तेच लोक पिशवी घेऊन परत, "वहिनी, हे जरा ढिलं होते का पाहा न." म्हणून म्हटलं एकदा लिहूनच टाकते.

पहिली आणि सगळ्यात महागाची चूक हीच, की रिटायर व्हायच्या महिन्यातच पुढच्या दहा वर्षांचे कपडे करून टाकणे. पैसा एकदम हातात येणार असतो, घरात पोरीचं लग्न निघालेलं असलं तर बस्त्याच्या दुकानात बसल्या बसल्या "तुमचंबी काढून घ्या भाऊ" असं होते आणि बिल कुठच्या कुठे जाते. पण तुमचा दिवस बदलणार आहे ना. ३०-३५ वर्षं खुर्चीवर बसलेला माणूस आता सकाळी वावरात चक्कर मारणार, दुपारी पंख्याखाली लुंगी-बनियनवर पडणार, संध्याकाळी पारावर. इस्त्रीचा शर्ट महिन्यातून किती वेळा लागणार, लग्नं, तेरवी, बँक, दवाखाना, नोव्हेंबरात हयातीचा दाखला, झालं. शरीरपण बदलते, कोणाचं पोट सुटते, कोणाची शुगर निघून कंबर दोन-दोन इंच उतरते. त्यामुळे कार्यक्रमापुरता एक चांगला जोड करा आणि बाकी खरेदी निदान एक उन्हाळा अन् एक हिवाळा जाऊ द्या मग करा. तोवर घरातल्या तारेवर आठवडाभर कोणते कपडे वाळत राहतात ते पाहा, तेच तेच चार दिसतील, पुढची खरेदी त्याच जातीची करायची. सफारी मात्र माझ्या मते कोणीच शिवू नये आता, वर-खाली एकाच कापडाचं असल्यामुळे एक भाग टाइट झाला की दुसरापण पडून राहते. मिस्टर या बाबतीत माझ्याशी भांडतात, त्यांचा धंदा आहे तो.

आहेरातले पीस

याच्यावर जरा सविस्तर बोलते कारण प्रत्येक रिटायर माणसाच्या आलमारीत आहेराच्या पँटपीस-शर्टपीसची एक चळत असते, वीस वर्षांची. एक गुरुजी मागच्या सीझनला थैलीभर घेऊन आले, म्हणे फुकटाचं कापड आहे, आता वेळच वेळ आहे, शिवून टाका सगळं. मिस्टरांनी एकेक पीस टेबलावर पसरून टेप लावला. ५८ इंची पन्हा (म्हणजे कापडाची रुंदी) असला तर फुल बाहीच्या शर्टाला साधारण १.६० मीटर लागते आणि पँटीला १.२० मीटर, कंबर ४२ च्या वर गेली की पँटीला त्याहून जास्त. गुरुजींची कंबर ४४, आणि पीस बहुतेक सव्वा मीटरच्या आतले, शर्टाचे तर काही ३६ पन्ह्याचे निघाले, त्याला सव्वादोन मीटर पाहिजे असते अन् होतं दोन. वर जवळपास सगळं पॉलिस्टर, आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जाते, ते कापड घाम पीत नाही, काखेत अन् जांघेत घामोळं, शुगर असली तर नायटा, एकदा झाला की महिनोन् महिने हटत नाही. आणि शिलाई द्यायचीच आहे, ती कापडाच्या किमतीहून जास्त होते. गुरुजी म्हणाले, "मंग इतके वर्षं म्या हे सांभाळून काहून ठेवलं?" त्याला मिस्टरांकडे उत्तर नव्हतं.

आहेराचा पीस घरी आला की त्याच आठवड्यात मोजा आणि घडीवर पेनानं पन्हा आणि मीटर लिहून ठेवा. कॉटन किंवा कॉटन जास्त असलेलं टेरिकॉट असलं तर ठेवा, बाकीचे पुढच्या आहेरात फिरवा, आपल्या गावात सगळेच फिरवतात, लाजायचं काही नाही, फक्त कोणाकडून आलं ते चिठ्ठीवर लिहा म्हणजे त्याच घरी परत जाणार नाही. कॉटन शिवायला द्यायच्या आधी रात्रभर पाण्यात भिजवून वाळवून द्या, नाहीतर पहिल्या धुण्यात आटते आणि मग टेलरला शिव्या.

जुन्या मापावर शिवू नका

"माझं माप तुमच्या वहीत आहेच" हे वाक्य साठीच्या पुढच्या माणसानं म्हणूच नये. वयानं उंची थोडी कमी होते, पाठीत पोक येतो, खांदे पुढे येतात. त्याचा कपड्यावर काय परिणाम होते ते पाहा: शर्ट मागून वर उचलला जातो, पुढून खाली लोंबतो, कॉलर मानेवरून मागे सरकते, आणि माणूस दिवसभर तो पुढे ओढत बसतो. लोकांना वाटते फिटिंग बिघडली. तसं नाही, पाठीची लांबी वाढवायला लागते आणि पुढची कमी करायला लागते, कोणताही जुना टेलर हे करून देतो पण त्याला सांगावं लागते आणि माप देताना ताठ उभं राहायचं नाही, जसे रोज उभे राहता तसंच. माप देताना सगळे पोट आत घेतात, बायापण घेतात, मी पाहते ना.

पँटीच्या मागच्या शिलाईत दीड-दोन इंच मार्जिन सोडायला सांगा. रेडिमेडमध्ये ते नसतेच जवळपास, म्हणून ती एकदा टाइट झाली की गेली. पायजम्याला नाडी की इलास्टिक हा वाद घरोघरी असते, तर ज्यांना लघवीला घाईनं जावं लागते त्यांनी इलास्टिकच घ्यावं, रात्री अंधारात नाडीची गाठ बसली की काय होते हे ज्याचं त्याला माहीत. पण रुंद इलास्टिक, कंबरेवर लाल वळ उठवणारं बारीक नाही. नेहरू शर्टाला बाजूचे खिसे असतात त्यात मोबाईल ठेवून टू-व्हीलरवर बसू नका, छातीवर आतून एक चेनचा खिसा लावून घ्या, पासबुक, चष्मा सगळं त्यात.

पांढरे कपडे आणि आपलं पाणी

रिटायर झाला की पांढरा पायजमा, पांढरा शर्ट, वर गांधी टोपी नसली तरी रुबाब तोच. दिसते छान, पण आमचा भाग खारपाणपट्ट्याचा, पूर्णेच्या दोन्ही बाजूंचा अकोला, अमरावती, बुलडाण्याचा पट्टा, बोअरच्या पाण्यात साबणाला फेसच येत नाही. फेस येत नाही म्हणून माणूस अजून साबण घासतो, तो साबण क्षारांशी मिळून कपड्यातच चिकटतो आणि चार महिन्यांत पांढऱ्याचं मळकट राखाडी होते. मग घरची बाई नीळ वाढवते, निळे चट्टे. मग ब्लीच टाकते, आणि पाण्यात लोह असलं तर ब्लीचनं पिवळे-तांबूस डाग पक्के बसतात. म्हणजे प्रत्येक उपाय आधीच्याहून वाईट.

काय करायचं: पांढऱ्याला वडीचा साबण बंद, पावडर वापरा. शेवटचं खळबळणं नळाच्या गोड्या पाण्यात, पावसाळ्यात पत्र्याच्या पागोळीचं पाणी ड्रममध्ये धरून ठेवलं तर त्याच्यासारखं काही नाही (पहिल्या पावसाचं धरू नका, पत्र्यावरची धूळ येते). नीळ आधी मगात विरघळवून मग बादलीत. लोखंडाचा डाग असला तर लिंबू अन् मीठ चोळून उन्हात ठेवा, मग धुवा. आणि खरं सांगू का, वावरात काळ्या मातीत जायचंच असेल तर पांढरं घेऊच नका, बदामी, राखी, फिकट खाकी घ्या. आमचे एक एस.टी.तले भाऊ जुनी खाकी पँट वावरात घालतात, त्याहून टिकाऊ कापड मी पाहिलं नाही.

खादी आवडत असेल तर वर्ध्याकडे चक्कर होईल तेव्हा घ्या, सेवाग्राम आहे, मगन संग्रहालय आहे, २ ऑक्टोबरच्या आसपास खादीवर सूट असते. धुतल्यावर सुरकुतते म्हणून लोक सोडून देतात, तर थोडी ओलसर असतानाच झटकून वाळत घाला, निम्मी इस्त्री तिथेच होते.

बायांचं

मॅडम लोकांची चूक उलटी असते. नोकरीत रोज साडी नेसली म्हणून रिटायर झाल्यावर एकदम गाऊन, तोही जमिनीवर लोळणारा, आणि ओट्याच्या पायरीवर पाय अडकून पडतात. साठीत खुब्याचं हाड मोडणं म्हणजे काय ते सांगायला नको. गाऊन घोट्याच्या वर चार बोटं ठेवा. ब्लाऊजला मागचे हुक बंद, खांदा आखडला की हात मागे जातच नाही, पुढून हुक आणि तेही मोठे. बाही जराशी ढिली करा, दवाखान्यात बीपी पाहायला बाही वर जात नाही आणि बिचाऱ्या नर्ससमोर ओढाताण चालते, हे मला गिऱ्हाईक बायाच सांगतात. स्वयंपाकात सिंथेटिक साडी नको, ती पेटली की वितळून कातडीला चिकटते.

आणि "आता या वयात काय नटायचं" म्हणून विटलेल्या साड्या घालणाऱ्या बाया मला अजिबात आवडत नाहीत. करवतकाठी साडी आलमारीत ठेवून करता काय, नेसा ना पोळ्याला.

ती ठेवताना मात्र प्लास्टिकच्या पिशवीत नको, जुन्या सुती साडीच्या तुकड्यात गुंडाळा, तीन-चार महिन्यांनी घडी बदला, लोखंडी हँगरला लटकवू नका. कसर लागते ती जास्त करून न धुता ठेवलेल्या, घामाच्या नाहीतर जेवणाचे डाग असलेल्या कपड्याला, म्हणून एकदा घालून तसंच आत टाकायचं नाही. पावसाळ्यानंतर ऑक्टोबरचं ऊन पडलं की सगळं काढून सावलीत हवा द्या. कडुनिंबाचा पाला ठेवायचा तर पूर्ण वाळलेला, ओला ठेवला तर त्याचेच डाग पडतात. डांबर गोळ्या जरीला लागू देऊ नका, जर काळी पडते. आणि नातवंडाच्या दुपट्यासाठी जुनी मऊ साडी काढाल तेव्हा ती डांबर गोळ्यातून काढून सरळ बाळाला गुंडाळू नका. काही बाळांना जन्मतःच जी-सिक्स-पीडी नावाची कमतरता असते, त्या गोळ्यांच्या वासानं त्यांच्या रक्तातल्या लाल पेशी फुटून कावीळ होऊ शकते. दोनदा धुवून, कडक उन्हात वाळवून मगच. बाळ घरात असेल तोवर तर त्या गोळ्या ठेवूच नका.

उरलेलं पटापट

सत्काराच्या शाली: बहुतेकांत ऊब नसते, दोन ठेवा, बाकी पुढच्या सत्काराला. थंडीसाठी खरा स्वेटर घ्या, पुढून बटनाचा, डोक्यातून घालायचा नको, मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर तर त्याचा त्रासच होते.

ऑनलाइन: पोरगा पुण्यातून ऑर्डर करून देते, साईज चुकते, आणि आपल्या पिनकोडला पार्सल येते पण परत न्यायला कोणी येईलच असं नाही. रिटर्न गावातून उचलतात का ते आधी पाहायला सांगा पोराला.

चप्पल-बूट संध्याकाळी घ्या, दिवसभरात पाय सुजलेला असतो, सकाळी बरोबर झालेली चप्पल रात्री चावते. शुगर असली तर मागून पट्टा असलेली, आतून शिवण न टोचणारी, आणि घालायच्या आधी रोज उलटी करून झटका, वावरातून आलेला खडा, काटा, कधी विंचूपण असते.