तगर की अनंत? फूल नसलं तरी झुडूप ओळखा

सोसायटीच्या बागेत सगळ्यात जास्त घोळ होतो तो डबल तगर आणि अनंतचा, दोन्हीची पानं हिरवीगार चकचकीत, समोरासमोर जोडीने आलेली, फुलं पांढरी भरगच्च, त्यामुळे लांबून कळतच नाही. सोपी युक्ती म्हणजे एक पान देठापाशी तोडायचं. पांढरा चीक आला की तगर, अनंतला चीक नसतो. अजून एक, अनंतचं फूल जुनं होताना पिवळं पडतं आणि वास तर काय विचारूच नका. सिंगल तगर तशी सोपी, पाच पाकळ्या भिरभिऱ्यासारख्या वळलेल्या.

कण्हेरीची पानं लांबट, जाडसर, मधली शीर ठळक आणि बहुतेक वेळा एका पेरावर तीन-तीन. बिट्टी, म्हणजे पिवळी कण्हेर, तिची पानं अजून अरुंद आणि एकाआड एक येतात, फूल पिवळं घंटेसारखं. दोन्ही झाडं सगळीच्या सगळी विषारी, तेव्हा हाताळल्यावर हात धुवा आणि पोरांना बिट्टीच्या बिया खेळायला देऊ नका प्लीज.

कुंतीला नुसतं हिरवं कुंपण समजून लोक छाटत बसतात. पान चुरगळा, लिंबाच्या जातीचा वास येईल, कढीपत्त्याचीच नातेवाईक आहे ती. जास्वंद काय, कातरलेली पानं आणि फुलातून बाहेर आलेला लांब दांडा, कोणीही सांगेल. एक्झोराच्या गुच्छातलं एक फूल घ्या, लांब नळी आणि बहुधा चारच पाकळ्या.